तूर उभी आहे तोवर

माघ लागला की आमच्या धुऱ्यांना रंग चढतो. धान केव्हाच निघून गेलेलं असतं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, लाखोळीची बुटकी निळी फुलं पसरलेली असतात आणि दोन बांध्यांच्या मधल्या मातीच्या वरंब्यावर, म्हणजे धुऱ्यावर, तूर उभी असते. काही शेंगा अजून हिरव्या, काही तपकिरी झालेल्या. वारा आला की वाळलेल्या शेंगा खुळखुळतात. शाळेतून परत येताना मी गाडी कडेला लावते आणि चार हिरव्या शेंगा तोडून तिथेच सोलून खाते. शेत आमचंच आहे, पण मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाहिलं तर ती चोरीच ठरते.

गेली काही वर्षं ही तूर पाहिली की मला समुद्र आठवतो. हसू नका. मी समुद्र पाहिलेला नाही. गावातल्या शाळेत भूगोल शिकवते, भरती-ओहोटी फळ्यावर दोन बाण काढून समजावते आणि पोरांनी फार प्रश्न विचारले की 'पुढच्या वर्गात कळेल' म्हणते. माझं माहेर चिचगडचं, म्हणजे जंगल आणि मोहफुलं. सासर केशोरीचं, म्हणजे तलाव आणि धान. माझं पाणी एवढ्यातच संपलं. पण माझी नणंद प्रणाली समुद्रावर काम करते, आणि एका हिवाळ्यात तिचा सगळा समुद्र आमच्या धुऱ्यावरच्या एका तुरीच्या झाडाखाली अडकून बसला होता.

आमच्या घरातल्या माणसांना पाणी अडवायचं पिढीजात वेड. पूर्वजांनी तलाव बांधले असं इकडचे सगळेच कोहळी, म्हणजे आमच्या जातीचे लोक, सांगतात, आणि ते खरंही आहे. गावाबाहेरच्या तलावाची पाळ अजून पक्की आहे आणि मामाजी रोज सकाळी तिच्यावरून एक फेरी मारतात, जणू रात्रीतून कोणी ती उचलून नेणार आहे. पाळीला इकडे पार म्हणतात. प्रणालीने शिकायला समुद्र निवडला तेव्हा मामाजींनी तिला समोर बसवून विचारलं होतं, "त्या समुद्राची पार कोन बांधली?"

"कोनीच नाई, बाबा."

"मंग पानी थांबते कसं?"

"थांबतच नाई. येते अना जाते."

मामाजींनी बराच वेळ विचार केला. "असं पानी काय कामाचं?" एवढं म्हणून ते बैलांकडे गेले. तरी त्यांनी तिला अडवलं नाही. अर्जुनीला गाडीत बसवून द्यायला स्वतः गेले आणि सोबत तांदळाचं एवढं मोठं गाठोडं दिलं की कोकणातली माणसं आयुष्यभर उपाशी बसली असावीत अशी त्यांची समजूत दिसली.

प्रणालीचं काम समजायला मला वेळ लागला. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवं वाळूत येऊन अंडी घालून जातात. ती अंडी कुत्री उकरतात, कोल्हे उकरतात, कधी माणसंही नेतात. म्हणून प्रणाली आणि तिच्या सोबतची माणसं पहाटे सगळा किनारा चालत जातात. घरटं सापडलं की अंडी न हलवता, न फिरवता अलगद काढतात आणि कुंपण घातलेल्या जागेत मडक्याच्या आकाराचा खड्डा करून परत पुरतात. त्या जागेला ती हॅचरी म्हणते. मी तिला म्हटलं, "म्हणजे तुमचे पऱ्हेच की ग." धानाची रोपं रोवणीआधी आम्ही एका कोपऱ्यात दाट वाढवतो, त्यांना पऱ्हे म्हणतात. तिला ते इतकं आवडलं की तिच्याकडची कोकणातली पोरंही आता त्या जागेला पऱ्हे म्हणतात, असं ती सांगते. पन्नास-पंचावन्न दिवस झाले की वाळू खचते, खालून पिल्लं वर येतात आणि त्यांना पाण्याच्या दिशेने सोडून द्यायचं. त्यांना उचलून पाण्यात नेऊन ठेवायचं नाही. आपल्या पायांनी चालत गेली पाहिजेत, तरच मोठी होऊन हा किनारा त्यांना सापडतो असं मानतात.

त्यांच्या कामाचा आणखी एक नियम आहे. मुदत उलटून गेली आणि घरटं बसूनच राहिलं, की ते उघडायचं. आत काय झालं, का झालं, ते पाहायचं. एखाद्या घरात बरेच दिवस दार उघडलं नाही तर शेजारी काय करतात, तसंच ते, असं ती म्हणाली होती.

मी सांगते आहे त्या हिवाळ्याच्या आधीच्या शिमग्यात, पौर्णिमेच्या उधाणाला, समुद्र त्यांच्या हॅचरीत शिरला. जागा प्रणालीने निवडली होती. वरच्या अंगाला चांगली उंच जागा होती, पण तिथवर नव्या हॉटेलांचे दिवे पोचायचे. पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून तिने थोडी खालची, अंधारातली जागा घेतली. दोन वाईटांतून एक निवडायचं होतं. पाणी ओसरल्यावर तिने उरलेली घरटी एकेक करून स्वतः उघडली. सोबतचे म्हणाले, आम्ही करतो, तू घरी जा. ती गेली नाही. सगळी उघडली, आणि एकाही घरट्यात जिवंत काही नव्हतं.

हे मला तिने लगेच सांगितलं नाही. पोळ्याला आली, चार दिवसांसाठी म्हणून. गणपती झाले, दसरा झाला, ती घरीच. मी विचारलं नाही. नणंदेला 'जाणार कधी?' असं विचारणारी वहिनी गावात लगेच प्रसिद्ध होते. सासूबाई गेल्यापासून घरात बाई माणूस मी एकटी, त्यामुळे मला खरं तर तिची सोबत हवीच होती. मामाजी तर भलतेच खुशीत होते. त्यांनी देवरीकडच्या एका स्थळाची चौकशीसुद्धा सुरू केली.

कोजागिरीच्या आसपास एक दिवस ती कणीक मळत होती आणि तिच्या कामावरच्या मॅडमचा फोन आला. हात भरलेले, म्हणून तिने मला स्पीकर लावायला सांगितला. मॅडम शांतपणे बोलणाऱ्या. "प्रणाली, आता महिन्याभरात कासवं यायला लागतील. नवी जागा आखायची आहे. तू आखशील ना?"

"बघते, मॅडम."

"बघ. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला मी सांगितलेलं नाही."

फोन बंद झाला. ती कणीक मळत राहिली. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी मळत राहिली. मग म्हणाली, "वैनी, त्याच हातानं परत ठेवू का मी अंडी?" त्यानंतर तिने सगळं सांगितलं. मी तिच्या हाताखालची परात ओढून घेतली. तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट टांगून राहिली होती: प्रणाली समुद्रावर परत जाते की नाही. दोन वेळा जेवताना सगळे त्या एका गोष्टीला वळसा घालून बोलायचे.

दिवाळी झाली आणि जड, म्हणजे उशिरा पिकणारं, धान कापायला आलं. कापणीचे दिवस मला लहानपणापासून आवडतात. कापलेल्या धानाचा एक ओलसर, गोड वास असतो. तो पदराला लागतो, केसांना लागतो, वर्गात खडू घेऊन उभी राहिले तरी येत राहतो. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी आणि प्रणाली दोघी बांधीत उतरलो होतो. शेवंताबाई आमच्याकडे दरवर्षी कापणीला येते. तिचा विळा चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. ती धुऱ्याजवळ होती, आणि एकदम ओरडली, "मास्तरीनबाई! पाय वो, कासव बसली अठी! उठतच नाई!"

आमच्या तलावातलं साधं कासव होतं. पाठ चपटी, मऊ, हिरवट. तुरीच्या एका झाडाच्या बुडाशी, धुऱ्याच्या मातीत मागचे पाय रोवून बसलं होतं. प्रणाली तीन बांध्या ओलांडून धावत आली आणि आली तशी कापलेल्या धानाच्या खुंटांवर पालथी झोपली. हाताने सगळ्यांना खाली बसा, गप्प बसा असं खुणावलं. कापणीच्या बाया एवढा वेळ गप्प बसलेल्या मी आमच्या गावात पहिल्यांदाच पाहिल्या.

शेवटी शेवंताबाईलाच राहवलं नाही. "बाप्पा," ती कुजबुजली, "येवढ्याचा तं चांगला रस्सा होते."

प्रणालीने मान न वळवता सांगितलं, "शेवंताबाई, वनवाले पयले तुमाले नेतीन. रस्सा मंग."

कासवाने अंडी घातली, मागच्या पायांनी माती ओढली, थापली आणि पाटाच्या कडेने पाण्याकडे निघून गेलं. मागे वळून पाहिलं नाही. प्रणाली उठली तेव्हा तिच्या गालावर, हनुवटीवर खुंटांचे ओरखडे होते आणि ती हसत होती. पोळ्यापासून ती हसली नव्हती, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं.

दुपारपर्यंत तिथे कुंपण उभं राहिलं. बांबूच्या कामट्या चांगल्या खोल रोवल्या, मिरचीच्या रोपांवर टाकायची हिरवी जाळी भोवती ओढली, बुडाशी माती दाबली. अंडी तिने हलवली नाहीत. "जागा चांगली आहे, कासवीनं निवडली तीच राहू दे," म्हणाली. तुरीचं झाड कुंपणाच्या मधोमध आलं. मामाजी संध्याकाळी आले, त्यांनी एक चक्कर मारून ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "माही तूर कायले कैद केली?"

"तूर नाई बाबा, अंडी हायेत."

"कोनाची?"

"कासवाची."

"कोंबडीची असती तं समजलो असतो," म्हणून मामाजी घरी गेले.

तो हिवाळा मला फार स्वच्छ आठवतो. सकाळी तलावावर धुकं असायचं आणि त्यातून पाणबदकांचा नुसता आवाज यायचा. खळ्यात धानाची पुंजणी रचलेली होती, मळणीची धूळ दिवसभर अंगाला खाजवायची. नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून मी कुरकुरायचे आणि तरी दोन वाढ्या जास्त जेवायचे. मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली, आम्ही दोघी बांगड्या भरून आलो. हिरव्या तुरीचे सोले काढत आम्ही उन्हात बसायचो, त्याची भाजी व्हायची, आमटी व्हायची, आणि निम्मे सोले सोलता सोलताच संपायचे. प्रणाली रोज सकाळी धुऱ्यावर जायची. कुंपणात हात घालून तळवा मातीवर ठेवायची, थोडा वेळ तसाच. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मामाजी म्हणायचे, "लोकायच्या पोरी देवळाले जातेत, आमची धुऱ्यावर जाते." पण मग तिच्यासाठी चहा झाकूनही ठेवायचे.

मॅडमचा फोन यायचा. किनाऱ्यावर पहिलं कासव आलं, दुसरं आलं. जागा तात्पुरती आखली आहे, मॅडम सांगायच्या, तू आलीस की बघू. प्रणालीने एकदा मला सांगून टाकलं, "वैनी, हे घरटं निंगालं ना, तं मी जातो. नाई निंगालं तं नाई." झालं. तिने आपलं सगळं त्या वीतभर मातीवर लावलं. मला तिचा राग आला. एवढ्या शिकलेल्या पोरीने असा कौल लावायचा? पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मीही गाडी थांबवून कुंपणात डोकावले.

पौष अर्धा सरला. तिने मोजलेले दिवस भरले. माती होती तशीच, न खचलेली, न फुटलेली. आणखी आठवडा गेला. आणखी एक. तुरीच्या शेंगा भरत होत्या आणि खाली काहीच हालत नव्हतं.

शाळेतल्या एका बाईंनी नंतर मला विचारलं, तिने कोणाला विचारलं का नाही? फोन तर हातातच होता. नाही विचारलं. जे आपलं रोजचं काम आहे त्याबद्दल माणूस कोणाला विचारत नाही. भात किती वेळ शिजवायचा, हे मी कधी कोणाला विचारलंय? अंडं ते अंडं, कासव ते कासव, आणि दिवस भरले म्हणजे भरले. समुद्रावर काम करणारं माणूसच अशी चूक करू शकतं. शेवंताबाईने कधीच केली नसती, कारण तिने दिवस मोजलेच नव्हते.

एका सकाळी मी तिच्यासोबत गेले. तिने जाळी वर केली आणि धुऱ्याच्या बाजूने बोटांनी माती उकरायला घेतली. नियमच तो. एक अंडं हाताला लागलं. पांढरं, कडक, गोटीसारखं गोल. तिने ते तळहातावर घेतलं, नखाने अलगद फोडलं. आत नुसतं पिवळं. पिल्लू नाही, पिल्लासारखं काही नाही.

"रिकामं," ती म्हणाली. आणि पुढची माती उकरू लागली.

तेवढ्यात मागून मामाजींचा आवाज आला. "ए! तुरीच्या मुरात हात नोको घालू."

"बाबा, सगळी उघडून पाहा लागते."

"पाय ना. पन झाड हालवू नोको. सेंगा भरून रायल्या. आता मुरं उघडी पडली तं दाने पोचट रायतीन."

"बाबा, एका झाडाची तूर किती येते हो?"

"किती का येईना. पेरली हाये म्या." मामाजी खाली बसले आणि तिने काढलेली माती दोन्ही हातांनी मुळांवर परत ढकलून, थापून बसवली. "तूर निंगू दे. मंग खोद, तुले खोदाचं तं. कोन पळून चाललं त्यातून?"

प्रणाली उठली. जाळी खाली सोडली आणि घरी आली. त्या दिवशी तिने मॅडमला फोन करून सांगितलं की यंदा मी येत नाही, आणि पुढचंही सांगता येत नाही. मॅडमनी काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मी मामाजींवर मनातल्या मनात चिडले होते. एका झाडाच्या पसाभर तुरीसाठी त्यांनी पोरीला धड शेवटसुद्धा करू दिला नाही, असं मला वाटलं.

महिन्याभराने तूर निघाली. शेवंताबाईने विळ्याने बुडातून कापली, खुंट जमिनीत राहिला. मी प्रणालीला म्हटलं, आता बघ पाहिजे तर. ती म्हणाली, "वैनी, मेलेलं पाहाले मी परत परत नाई जात. गेल्या सालचं पुरे झालं." आणि मग ती रडली. बरं झालं रडली. मी तिला जवळ घेऊन बसले आणि आम्ही पुन्हा कधी त्या धुऱ्याचं नाव काढलं नाही.

उन्हाळ्यात धुऱ्यांवर माती चढवायचं काम असतं. मामाजींनी सगळे धुरे दुरुस्त केले, तेवढा तुकडा सोडून. मी विचारलं तर म्हणाले, "पोरीनं कामट्या लय खोल रोवल्या, कोन काढत बसते." त्यांच्या हाताने मी याहून पक्क्या कामट्या उपटलेल्या पाहिल्या आहेत. प्रणाली तोवर गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागली होती. तिच्या शिकवणीत पोरं हुशार झाली. ती स्वतः मात्र विझल्यासारखी वावरायची.

आषाढ आला. पावसाचं कौतुक केव्हाच संपून गेलं होतं, घरात कपडे वाळत नव्हते, चुलीजवळची लाकडं ओली होती. पऱ्हे उपटायचं काम सुरू होतं. आम्ही बाया ओळीने वाकून रोपं उपटत होतो, मुळं पाण्यात झटकून त्यांच्या पेंढ्या बांधत होतो. शेवंताबाई, अर्थात, बोलत होती. बोलता बोलता थांबली. ती मध्येच थांबली की काहीतरी झालेलं असतं.

"वो प्रनालीबाई," ती म्हणाली. "तुह्या जाळीत बटनं चालून रायली."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. धुऱ्याची माती पावसाने लोण्यासारखी मऊ झाली होती. तुरीच्या जुन्या खुंटाशी एक भोक पडलं होतं आणि त्यातून रुपयाएवढी कासवं वर येत होती. चिखलाने माखलेली, एकामागून एक. येत होती आणि हिरव्या जाळीला धडकत होती. तिनेच लावलेल्या जाळीला. मागे सरत होती, पुन्हा धडकत होती.

प्रणालीच्या हातातली पेंढी पाण्यात पडली. ती चिखलातून कशी गेली ते मला कळलं नाही. कामट्या खरंच खोल होत्या, निघेनात. मग तिने जाळी दातांनी फाडली. फाडून मागे सरली आणि आमच्याकडे वळून ओरडली, "हात नोका लावू! कोनी हात नोका लावू! चालू द्या त्याईले!"

आम्ही उभ्या राहिलो. गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन, सगळ्या बाया दोन बाजूंना, मध्ये वाट सोडून. पिल्लं धुऱ्यावरून घसरत घसरत खाली आली आणि बांधीतल्या गढूळ पाण्यात शिरली. इकडे ना वाळू, ना लाटा. वीतभर पाणी होतं. त्यांना तेवढं पुरलं. शेवटचं एक पिल्लू उताणं पडलं, पाय हलवत राहिलं. प्रणालीचा हात पुढे गेला आणि थांबला. पिल्लू स्वतःच वळलं आणि गेलं.

ती धुऱ्यावर बसून रडत होती आणि हसत होती. मीही रडले, लाजायचं काय त्यात. मामाजी पाळीवरून येताना दिसले. जवळ येऊन त्यांनी फाटलेली जाळी पाहिली, भोक पाहिलं. "निंगाले?" त्यांनी विचारलं, जणू त्यांना पाव्हण्यांची गाडी यायची वेळ माहीत होती. मी नंतर त्यांना खोदून विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त त्यांची तूर हवी होती, असं ते अजूनही शपथेवर सांगतात.

प्रणालीने तिथूनच, चिखलाच्या हातांनी, मॅडमना फोन लावला. पुढे गोड्या पाण्यातल्या कासवांवर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने तिला सगळं सांगितलं. या कासवाच्या अंड्यात जीव धरतो आणि थांबतो. टिपक्याएवढा. तसाच हिवाळा काढतो, उन्हाळा काढतो. पाऊस पडून माती मऊ झाली की मग बाहेरची वाट धरतो. समुद्राचे दिवस त्याला लागू नाहीत. त्या सकाळी तिने फोडलेल्या अंड्यातही तो टिपका असणार. त्या एका अंड्याचं तिला अजून वाईट वाटतं.

रोवणी आटोपली आणि ती गेली. मामाजींनी यावेळी तांदळासोबत तुरीची डाळ बांधून दिली. त्या वर्षी कोकणात हॅचरीची जागा तिनेच आखली.

याला आता काही वर्षं झाली. आमच्या घरात तेव्हापासून एक म्हणणं पडून गेलं आहे. कोणी कशाची घाई केली, की दुसरं कोणीतरी विचारतं, तूर निघाली का? माझा दहावीतला मुलगा हे त्याच्या बाबांना निकालाच्या आधी म्हणतो आणि मार खाता खाता वाचतो.

आज सकाळी धुऱ्यावर तूर कापणं चाललं होतं. रविवार, म्हणून मीही होते. शेवंताबाई पुढे सरकत होती, मागे कापलेल्या तुरीचे भारे पडत होते. मामाजी आता थकलेत, बाज टाकून कडेला बसले होते आणि कोणाचा विळा कुठे चुकतो ते सांगत होते. तेवढ्यात प्रणालीचा फोन आला. मागे समुद्राचा आवाज येत होता. तो मला आता ओळखता येतो.

"वैनी, एक घरटं बसून रायलं."

"म्हणजे?"

"सोबतची सगळी निंगाली. याचे दिवस होऊन गेले. उंच जागा आहे, पाणी नाई लागलं, काहीच नाई. नियमानं उद्या उघडाचं आहे." ती थांबली. समुद्री कासवं पावसाची वाट पाहत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मलाही आता माहीत आहे. आवाज अगदी लहान करून तिने विचारलं, "तूर निंगाली का, वैनी?"

मी धुऱ्याकडे पाहिलं. जवळजवळ सगळी आडवी झाली होती. शेवंताबाई टोकाच्या शेवटच्या झाडाशी पोचली होती आणि तिने त्याला हात घातला होता.

"नाही ग," मी म्हटलं. "उभी आहे अजून."

"मंग थांबतो दोन दिवस," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी तशीच धावले. "शेवंताबाई," मी ओरडले, "तेवढं एक झाड राहू द्या."

"काऊन वो, मास्तरीनबाई?"

मी काही सांगायच्या आत बाजेवरून मामाजी म्हणाले, "राहू दे म्हनते ना ते. राहू दे."